अण्णांच्या नावावरची गाडी

रावेत,
१५ एप्रिल २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

कुरियरचं पाकीट फोडल्यावर तुला वाटेल, प्रितमला पत्र लिहायची हुक्की कुठून आली. फोनच केला असता, पण तुझा फोन आला की आई तो स्पीकरवर टाकायला लावते, आणि हा विषय मला तिच्यासमोर काढायचा नाहीये. तुला कागद पाठवायचाच होता, म्हणून त्याच्यासोबत चार ओळी.

गोष्ट गाडीची आहे. अण्णांना जाऊन दोन महिने झाले. गाडी त्यांच्या नावावर आणि विमाही त्यांच्याच नावावर. विम्याचं बघणारा आपला नवनाथ परवा घरी येऊन सांगून गेला, "भावा, मालक गेल्यावर पॉलिसी तीनच महिने चालते. त्याच्या आत गाडी वारसाच्या नावावर करून घे. नाहीतर उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल." त्यात जूनमध्ये विमा संपतोय. यंदाचा आकडा एक लाख अडतीस हजार. जर्मन गाडी, काच फुटली तरी अर्धा लाख, त्यामुळे विमाही तसाच.

मी म्हणतो, गाडी विकूनच टाकावी. चिंचवडचे एक डॉक्टर घ्यायला तयार आहेत, भावही बरा देतायत. मोशीच्या आरटीओत वारसांची संमती लागते. आईला मी हळूहळू समजावीन. तू सोबतच्या स्टॅम्पपेपरवर खूण केलेल्या जागी सही कर, नोटरी करून घे आणि परत पाठव.

आपल्या कारखान्याच्या शेडवर ठीक. सध्या एकच शिफ्ट चालवतोय. दोन प्रेस मशीन बंद ठेवल्यात, त्यामुळे कानाला जरा आराम आहे. आपला जुना ऑपरेटर ज्योतीराम तुझी आठवण काढत होता. भाऊजींना जय भीम सांग.

तुझा,
प्रितम


नांदेड,
२७ एप्रिल २०२४

प्रिय प्रितम,
जय भीम.

कानाला आराम पडावा म्हणून मशीन बंद ठेवण्याइतके तुम्ही मोठे झालात म्हणायचं! आम्हाला शाळेत पोरांची तोंडं बंद ठेवता येत नाहीत. चाकणला लोक मशीन चालवायला जातात असं आम्ही आपलं समजत होतो.

तर गाडी. मला आधी खरं सांग, नवीन कुठली डोळ्यात भरलीय? तुझी बायको श्रद्धाच मागे म्हणत होती की आता बॅटरीवरच्या छान गाड्या निघाल्यात. म्हणजे विम्याचं निमित्त. एक लाख अडतीस हजार फारच झाले हे खरं, पण हा आकडा तुला आज कळला का? गाडी घेतलीस तेव्हा पहिल्या वर्षी याहून जास्तच होता. अण्णा तेव्हा म्हणाले होते, "एवढ्या पैशात आमी पिंपरीत दोन खोल्या बांधल्या व्हत्या." आणि दर वर्षी विचारायचे, "यंदा गाडीला काय झालं न्हाई ना? मग पैसं वायाच गेलं की." नवनाथनं त्यांना समजावलं की काही झालं नाही म्हणून पुढच्या वर्षी सूट मिळते. झालं! विहारातल्या एकूण एक माणसाला सांगून आले, कंपनीनं मला सूट दिली म्हणून.

तुझा कागद मी वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, "मयत भिवा". हातात पेन घेतलं होतं, ते खाली ठेवलं. हे म्हणाले, अगं कायद्याची भाषा आहे ती. असेल. पण मयत या शब्दाखाली माझं नाव मला लिहवेना.

तुला आठवतं का रे शोरूममध्ये काय झालं होतं? तू म्हणालास, गाडी वडिलांच्या नावावर करा. तो टाय लावलेला पोरगा विचारायला लागला, काकांकडे लायसन्स आहे का? तू म्हणालास, "लायसन्स ड्रायव्हरला लागतं, मालकाला नाही. ड्रायव्हर मी आहे." तीस वर्षं पेंट शॉपमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या रंगवलेला माणूस त्या दिवशी मालक झाला. परत येताना आपण सगळे देहूरोडच्या धम्मभूमीला गेलो. अण्णांनी गाडीत बसण्याआधी चपला झटकल्या होत्या. ती गाडी त्या डॉक्टरला देऊन त्यानं तिच्यात आपली कुत्री बसवायची का?

सही मी केलेली नाही. विचार कर.

ताई


रावेत,
८ मे २०२४

प्रिय ताई,
जय भीम.

तुझं पत्र श्रद्धानं वाचलं आणि कुत्र्यापाशी आल्यावर हसली.

नवीन गाडी घ्यायची नाहीये. पुढेमागे बघू, एखादी छोटी घेऊ. मला रोज कुरुळीच्या शेडवर जायला एवढी मोठी गाडी काय करायची? चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागं तास तास उभं राहायचं, आणि कुणी घासून गेलं की काळीज लक्कन होतं. दुचाकी बरी पडते. हल्ली तीच वापरतो.

नवनाथनं सांगितलेले तीन महिने उद्या संपतायत. डॉक्टर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत, त्यापुढे नाही. पैसे हातात आले तर दुसऱ्या एखाद्या कामाला लावता येतील, एवढंच माझं म्हणणं. शेडसाठी काही नवे डाय, म्हणजे प्रेसचे साचे, बनवून घ्यायचं मनात आहे. पण ते काही गाडीवर अडलेलं नाही.

मयत शब्दाचं म्हणशील तर मलाही तो टोचला होता. वकिलाला विचारलं, दुसरं काही लिहिता येईल का? तो म्हणाला, नाही.

तू मोठी आहेस. तुला पटत नसेल तर तसं स्पष्ट लिही. तू नको म्हणालीस तर मी विकणार नाही.

प्रितम


नांदेड,
१९ मे २०२४

प्रिय प्रितम,
जय भीम.

नको.

एका शब्दात लिहिलं, म्हणजे तुला शोधत बसावं लागणार नाही. फेब्रुवारीत अण्णांचा पहिला स्मृतिदिन येईल. तोवर गाडी दारात राहू दे, त्यांच्या नावानं राहू दे. स्मृतिदिनाला मी येईन, आपण सगळे त्याच गाडीतून देहूरोडला जाऊ. नंतर मी स्वतः बसून तुझ्यासमोर सही करीन, वाटल्यास दहा ठिकाणी.

आणि विम्याचा सगळा भार तुझ्यावर नको. मी पंधरा हजार पाठवतेय. माझ्या पगारात एवढंच बसतं. उरलेलं तू घाल, कारखानदार आहेस. हसू नकोस, मनापासून पाठवतेय. अण्णांच्या गाडीच्या विम्यात माझाही वाटा आहे म्हटल्यावर मला बरं वाटेल. आजवर त्यांच्यासाठी जे काही केलं ते तूच केलंस. मी लग्न होऊन इकडे आले आणि सणावाराला पाहुणीसारखी येत राहिले. हे सलतं रे कधी कधी.

आईला सांग, आंब्याचं लोणचं पाठवतेय.

ताई


रावेत,
२० जून २०२४

प्रिय ताई,
जय भीम.

पैसे मिळाले, लोणचंही. उशिरा कळवतोय, धावपळीत होतो. डॉक्टरांना नाही सांगितलं. त्यांनी दुसरी गाडी घेतली.

विमा भरला. काळजी करू नकोस.

आई हल्ली संध्याकाळी खालच्या पार्किंगमध्ये जाते, गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर बसते. अण्णा बसायचे त्या बाजूला नाही, स्वतःच्याच बाजूला. वॉचमन इंजिन चालू करून एसी लावून देऊ का म्हणाला, तर म्हणाली, "नगं, डिझेल जळतं." अर्ध्या तासानं वर येते आणि भाकरी टाकते.

मी ठीक आहे.

प्रितम


नांदेड,
२ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रितम,
जय भीम.

श्रद्धानं फोनवर सगळं सांगितलं. मागे आईचा आवाज येत होता. तू फोन घेतला नाहीस म्हणून लिहितेय.

नदीचं पाणी तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शिरलं, पंप बंद पडले आणि गाडी स्टिअरिंगच्या वरपर्यंत दोन दिवस बुडून होती. टीव्हीवर पिंपरी-चिंचवडची चित्रं दाखवत होते तेव्हा मी हे ओरडतील इतका आवाज वाढवून बघत बसले होते. तुम्ही सगळे सुखरूप आहात, बाकी काही नको.

पण तू जेवत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस, असं ती म्हणाली. वेड्या, गाडीच गेली ना? विमा कशाला असतो? एवढी वर्षं लाख-लाख रुपये भरले ते याच दिवसासाठी. अण्णा विचारायचे ना, काही झालं नाही तर पैसे वाया गेले का? बघ, नाही गेले. आता कंपनी देईल. त्या तीन महिन्यांवरून वेळ लागेल, दहा चकरा मारायला लावतील, पण पैसे भरलेत म्हणजे देईल. पॉलिसीवर नाव अण्णांचं आहे, म्हणजे जाता जाता अण्णांनीच तुला दिले असं समज. नवीन गाडीसुद्धा त्यांच्याच नावानं घेऊ म्हणाले असते मी, पण आता तो कायदा मला कळलाय.

नवनाथला लगेच घेऊन जा. फोटो काढून ठेवलेत ना? आणि जेव. आईकडे बघून तरी जेव.

ताई


रावेत,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,
जय भीम.

तुझं पत्र आल्यापासून चार वेळा लिहायला बसलो. आता लिहून टाकतो.

कंपनी एक रुपयाही देणार नाही. मी विमा भरला असं लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. पण भरला तो फक्त थर्ड पार्टी. म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं काही केलं तर त्याला भरपाई. आपली गाडी बुडाली, जळाली, चोरीला गेली, तर काही नाही. त्याला दहा हजारसुद्धा लागत नाहीत. तेही अण्णांच्याच नावानं भरले, म्हणजे नवनाथच्या तीन महिन्यांच्या हिशेबानं तो कागदही कच्चाच. तुझ्या पंधरा हजारांतले निम्म्याहून जास्त त्यात गेले आणि उरलेले ज्योतीरामच्या पगारात. नवनाथ नको नको म्हणत होता. "भावा, गाडी काय आणि तू कागद काय घेतोयस?" असं म्हणाला. मी म्हटलं, सात-आठ महिन्यांचा प्रश्न आहे, गाडी जागची हलवणारच नाही.

गाडी जागची हलवलीच नाही, म्हणून तर बुडाली. शेजाऱ्यांनी सकाळी आपापल्या गाड्या वर काढल्या. तिची बॅटरी उतरली होती.

दुरुस्तीचा खर्च सांगितलाय तो गाडीच्या किमतीएवढा आहे. भंगारवाला येऊन बघून गेला.

आता दुसरं. जुलैच्या शेवटी मी शेड बंद केली. ज्या गाडीच्या मॉडेलला आपण बनवलेले ब्रॅकेट जायचे ते मॉडेलच कंपनीनं जानेवारीत थांबवलं. म्हणून दोन प्रेस बंद होत्या, कानासाठी नाही. दुसऱ्या एका कंपनीचं काम मिळत होतं, पण त्यासाठी नवे डाय हवे होते आणि बँकेनं आधीच्या कर्जावर आणखी द्यायला नकार दिला. डॉक्टरांच्या पैशात डाय झाले असते. ते काम आता भोसरीच्या एकाला गेलं. आपली बारा माणसं होती. ज्योतीराम सगळ्यात जुना, शेड सुरू झाल्यापासूनचा.

आईला फक्त गाडीचं माहीत आहे. शेडचं अजून सांगितलेलं नाही. मी रोज डबा घेऊन निघतो.

तुझ्यावर राग नाही. हे लिहायचं नव्हतं, पण तू विम्याची वाट बघत बसशील म्हणून लिहिलं.

प्रितम


नांदेड,
२ सप्टेंबर २०२४

प्रितम,

हे म्हणाले फोन कर. फोनवर मला फक्त रडता आलं असतं.

तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. सगळं त्यात होतं की रे. एकच शिफ्ट होती, बंद मशीन होत्या, दुचाकी होती, डाय होते. मी मुलांना शिकवते, उतारा नीट वाचा, प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातच असतं. आणि मी वाचलं काय, तर तुला नवी गाडी हवी आहे. वर थट्टा केली. कारखानदार म्हणाले.

एका शब्दापाशी अडून बसले मी. मयत. अण्णांना हे कळलं असतं तर ते माझ्यावर कधी नव्हे ते ओरडले असते. "अगं, मेलेल्या मानसाला मयत न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं? बारा घरच्या चुली हायेत, सही कर." असंच म्हणाले असते. त्यांना ओव्हरटाइम बंद झाला की घरात काय होतं ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, मी त्याच घरात वाढलेय. आणि तरी माझ्यासाठी गाडी मोठी झाली. लांब राहणाऱ्या माणसाला आठवणी जपायला फार सोपं असतं. त्याचा विमा दुसरा भरतो.

सोबत संमतीपत्र आहे. सही केलीय, नोटरी केलंय. भंगारात द्यायलाही हे लागतं असं कळलं. पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हाही तेवढंच होतं, मी उगाच मोठं केलं.

तुझ्यावर मी चिडलेय, हेही लिहिते. तू मला फसवलंस. एक ओळ लिहिली असतीस, ताई, शेड बुडतेय, तर मी त्याच दिवशी रजा टाकून रात्रीच्या गाडीनं आले असते. तुला हे माहीत नव्हतं का? एवढी परकी झाले का मी? शेडचं का लिहिलं नाहीस, एवढंच मला सांग. बाकी काही विचारणार नाही.

ताई


रावेत,
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,
जय भीम.

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. आईला बसनं देहूरोडला घेऊन गेलो. तिला आता शेडचं सांगितलंय. ती म्हणाली, "मला डब्यावरनंच कळलं व्हतं. शेडवर जाताना तू कधी एवढी भाजी संपवून यायचा न्हाईस." चाकणला एका कंपनीत मला शिफ्ट सुपरवायझरचं काम मिळालंय. कंपनीची बस घराजवळून जाते. गाडी मागच्या आठवड्यात क्रेन लावून नेली.

तू विचारलंस ते आता सांगतो. दीड महिना उत्तर दिलं नाही, कारण पटेल असं दुसरं काहीतरी शोधत होतो. तुझ्या डोक्यावर ताण नको म्हणून लिहिलं नाही, धाकट्यानं मोठ्या बहिणीपुढे हात कसा पसरावा म्हणून लिहिलं नाही, असं बरंच सुचलं. ते खरं नाही.

शेडचं लिहिलं असतं तर तू लगेच सही करून पाठवली असतीस, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच लिहिलं नाही.

मला गाडी विकायची नव्हती, ताई. विकावी लागणार हे कळत होतं, पण मी विकली असं व्हायला नको होतं. अण्णांच्या नावाची गाडी पोरानं दोन महिन्यांत काढली, असं विहारात कुणी म्हणालं असतं तर मला ते सहन झालं नसतं. आणि खरं म्हणजे कुणी म्हणण्याचाही प्रश्न नव्हता. त्या गाडीतून उतरलो की मी पेंट शॉपमधल्या भिवाचा मुलगा नसायचो, साहेब असायचो. बँकेत, कंपनीच्या गेटवर, सगळीकडे. ती गेली असती तर सगळ्यांना कळलं असतं की प्रितमचं संपलं. नाव अण्णांचं होतं, पण मिरवत मी होतो.

म्हणून तुला लिहिलं, तू नको म्हणालीस तर विकणार नाही. तू नको म्हणणार हे ओळखूनच लिहिलं. तुझं ते एका शब्दाचं पत्र मला शेडवर मिळालं. मी उभ्या उभ्या वाचलं, आणि मला हायसं वाटलं. आता दोष माझा नव्हता. समोर बारा माणसं काम करत होती आणि मला हायसं वाटत होतं.

तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी सही मला नको होती, तुझा नकार हवा होता. तो मी तुझ्याकडून काढून घेतला.

परवा ज्योतीराम घरी आला होता. त्याला अजून काम नाही, बायकोला घेऊन बीडला परत जायचं म्हणतोय. मला वाटलं, राहिलेल्या पगाराचं विचारायला आलाय. तो त्याबद्दल काही बोललाच नाही. येताना आईसाठी अर्धा डझन केळी घेऊन आला होता. खाली पार्किंगमधल्या मोकळ्या जागेकडे बघून आला आणि माझा हात धरून म्हणाला, "सायेब, अण्णांची गाडी गेली, लई वाईट झालं बगा. मला तर रातभर झोप आली न्हाई." मी त्याला चहा घ्यायला बसवलं. तो चहा पिईपर्यंत माझ्या गाडीबद्दल हळहळत होता, आणि मी मान हलवत होतो.

तुझा,
प्रितम